जातमुचलका

कोर्टाच्या कागदात एक शब्द असतो. जातमुचलका. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, साला इथंही जात आलीच. वकील हसला. म्हणाला, तशी जात नव्हे हो. फारसी वळणाचा शब्द आहे. जात म्हणजे स्वतः. आरोपीनं स्वतःच लिहून द्यायचं की तारखेला येईन, नाही आलो तर इतकी रक्कम भरीन. दुसरा माणूस नको, सातबारा नको. माणसाच्या शब्दावर माणूस सोडायचा.

मी म्हणलं, मग आमच्या पोराला त्याच्यावरच सोडा की.

वकील म्हणाला, त्याला कोण देतो जातमुचलका?

म्हणजे तशी जात नव्हे, पण तीच जात. मी त्या दिवसापासून हा शब्द डोक्यात घेऊन फिरतो आहे. आज तो तुमच्यापुढं टाकतो.

मी परभणी जिल्ह्यातला. बी. ए. झालो आणि मोंढ्यात पोती उचलतो. माझा पुतण्या, मेलेल्या भावाचा एकुलता एक, बावीस वर्षांचा. गायरानाच्या तुकड्यावरनं गावात भांडण झालं. दोन्हीकडनं काठ्या निघाल्या. आमच्याकडची पाच पोरं उचलली, त्यात हा. नवव्या दिवशी जामीन झाला. वहिनीनं डोरलं गहाण टाकून वकील दिला होता. निकाल ऐकून ती कोर्टाच्या पायरीवर रडली आणि मी चहा सांगितला. आम्हांला वाटलं, सुटलं लेकरू.

आमचं अडाणीपण बघा. जामीन होणं वेगळं आणि सुटणं वेगळं. हे आमच्यात बापानं लेकाला शिकवायला पाहिजे. हुकुमात लिहिलं होतं : पंचवीस हजाराचा ऐपतदार जामीनदार. दर सोमवारी दहा ते बारा ठाण्यात हजेरी. परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही.

ऐपतदार म्हणजे कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. आमच्या आळीत चाळीस उंबरे, सातबारा एकाच्याही नावावर नाही. गायरान आम्ही दोन पिढ्या कसतो, पण कागदावर ते सरकारचं. ज्या तुकड्यावरनं पोरगं आत गेलं, तो तुकडा आमच्या नावावर असता तर पोरगं बाहेर आलं असतं. आणि तो आमच्या नावावर असता तर भांडणच झालं नसतं. ह्या व्यवस्थेची गाठ कशी मारलेली आहे ते डोळे उघडून बघा.

दुसऱ्या तालुक्यातल्या पाव्हण्याकडं गेलो. त्याला दोन एकर कोरडवाहू. तो बिचारा आला. तर म्हणाले, ऐपत पुरत नाही, तलाठ्याचा दाखला आणा, तहसीलचा शिक्का आणा. दाखला आणला तर त्याच्यावर सोसायटीचा बोजा निघाला. कोर्टाच्या आवारात भाड्यानं जामीन राहणारे फिरतात. त्यांच्यातला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, सात हजार दे, उद्या पोरगं घरी. सात हजार असते तर डोरलं मोडलं असतं का?

शेवटी गेलो मालकाकडं. ज्याच्या शेतात माझा बाप खपला त्याच्याकडं. ओट्यावर बसला होता.

"काय रे बी. ए., काय काम काढलं?"

मी सांगितलं.

"देतो की. सातबारा काय खायला मागतो व्हय? पण पोरगं पळालं तं पंचवीस हजार मी भरायचे का? त्याला मपल्या डोळ्यापुढं ऱ्हाऊ दे. पाडव्यापासून साल धर म्हन त्याला. तीन सालं. पगाराचं बघू."

बत्तिसाव्या दिवशी पोरगं सुटलं. जामीन झाल्यावर तेवीस दिवस ते काय म्हणून आत होतं? कोर्टानं तर सोडलं होतं. ते तेवीस दिवस गुन्ह्याचे नव्हते. ते सातबाऱ्याचे होते. आणि जेलातनं सुटून ते थेट मालकाच्या गोठ्यात गेलं. 1976 ला वेठबिगारी बंद करणारा कायदा आला असं आम्ही पुस्तकात वाचलं. त्या कायद्याला कोर्टाच्या मागच्या दारानं वाट काढून दिलेली मी ह्या डोळ्यांनी बघितली.

आता ती हजेरी बघा. दहा ते बारा असं लिहिलंय. साडेनऊला जायचं आणि दोन वाजेपर्यंत बसायचं. साहेब बाहेर गेलेत. रजिस्टर कपाटात हाये. आलाच हायेस तं जरा अंगण झाडून घे. पाणी भरून ठेव. सोमवारचा रोज बुडाला. मालक म्हणाला, सोमवारचा पगार कापीन. दसऱ्यानंतर मुकादम आला, कोयत्याला उचल देत होता. नवं लगीन झालेलं, नवराबायको ऊसतोडीला गेली असती तर मालकाचं देणं फेडून मोकळी झाली असती. पण जिल्हा सोडायचा नाही! ऊस कुठं, आम्ही कुठं! म्हणजे कोर्टानं खुंटा ठोकला आणि मालकानं दावं धरलं. दोघं एकमेकांना ओळखतही नसतील. ओळखायची गरजच नाही.

दीड वर्ष दर सोमवारी सही केली. दोषारोपपत्र केव्हाच दाखल झालं होतं. त्यानंतर अर्ज करून हजेरीची अट सैल करून घेता येते, हे आम्हांला कुणी सांगितलं नाही. वकिलानं नाही, ठाण्यानं नाही, कोर्टानं नाही. सहा वर्षांनी निकाल लागला. निर्दोष. एकही तारीख त्यानं चुकवली नव्हती. मी विचारतो, ज्या पळून जाण्याच्या भीतीपायी हे सगळं केलं ते पोरगं पळून जाणार कुठं होतं? पळायला पैसा लागतो. पासपोर्ट लागतो. दुसऱ्या गावी ओळख लागते. ज्याच्याकडं जामीन द्यायला काही नाही त्याच्याकडं पळायलाही काही नसतं. एवढी साधी गोष्ट काळ्या कोटाला कळू नये?

कळत नाही असं नाही. कळून पन्नास वर्षं होत आली. 1978 साली सुप्रीम कोर्टापुढं मोतीराम नावाचा गवंडी आला, मध्य प्रदेशातला. त्याला सोडा म्हणून सुप्रीम कोर्टानंच सांगितलं होतं. खालच्या दंडाधिकाऱ्यानं दहा हजाराचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांनी झाडून काढलं आणि गवंड्याला हजार रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला लावलं. पुढच्याच वर्षी, 1979 ला, बिहारच्या जेलातल्या कच्च्या कैद्यांचं हुसैनारा खातून प्रकरण आलं. गुन्ह्याला जेवढी शिक्षा असते तिच्यापेक्षा जास्त दिवस माणसं खटल्याविना सडत होती. न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की माणसाची मुळं बघा. घर आहे का, बायकापोरं आहेत का, कामधंदा आहे का, गावात किती वर्षं राहतो. मुळं घट्ट असतील तर जातमुचलक्यावर सोडा.

ही कल्पना तरी कुठली? 1961 साली न्यूयॉर्क शहरात व्हेरा नावाच्या संस्थेनं हा प्रयोग केला. कायद्याची पोरं कोठडीत जाऊन आरोपीला विचारायची, कुठं राहतोस, कुठं कामाला आहेस, घरी कोण आहे. त्यावरनं न्यायाधीशाला शिफारस करायची की याला शब्दावर सोडा. आणि सोडलेली माणसं तारखेला परत आली! गरीब माणूस शब्द पाळतो हे सिद्ध करायला अमेरिकेला प्रयोग करावा लागला. आमच्या आयांना विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

मुळं म्हणाल तर आमच्याइतकी कुणाची आहेत? गावानं हजारो वर्षं गावकुसाबाहेर रोवून ठेवलेली माणसं आम्ही. उपटू म्हटलं तरी उपटू देत नाहीत. मात्र कोर्टात गेलं की मुळांचा पुरावा म्हणून सातबाराच पाहिजे.

मग कागद किती निघाले ते मोजा. 2005 च्या दुरुस्तीनं कायद्यात घातलं की जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर माणूस गरीब समजावा आणि मुचलक्यावर सोडावा. त्याच दुरुस्तीनं अर्धी शिक्षा भोगलेल्या कच्च्या कैद्याला सोडायची वाट केली. 2023 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जामीन होऊन महिना उलटला आणि माणूस आतच असेल तर कोर्टानं स्वतः होऊन अटी सैल करायचा विचार करावा. 2023 लाच केंद्र सरकारनं गरीब कैद्यांसाठी योजना काढली, कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत मदत. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या 479 कलमात पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला एकतृतीयांश शिक्षेइतके दिवस भरल्यावर सोडायचं लिहिलं आहे.

वाचून बरं वाटलं? आता खालची ओळ वाचा. एकापेक्षा जास्त गुन्ह्यांची चौकशी किंवा खटला चालू असेल तर ह्या कलमाखाली सुटका नाही. आमच्याकडं एका मोर्चात एका पोरावर किती कलमं लागतात? जमाव जमवला, दगड मारला, सरकारी कामात अडथळा आणला, मालमत्तेची नासधूस केली. बापाच्या जातीइतकी कलमं चिकटतात. चोराला जी सवलत मिळंल ती मोर्चातल्या पोराला मिळायची नाही.

आणि निकाल काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचा 2022 चा आकडा आहे. देशाच्या जेलात सुमारे 5 लाख 73 हजार माणसं, त्यातली सुमारे 4 लाख 34 हजार कच्ची कैदी. चारातली तीन माणसं अशी, की त्यांचा गुन्हा अजून कुणी सिद्ध केलेला नाही. ह्या कच्च्या कैद्यांत पाचातला एक आमचा. 2011 च्या जनगणनेत आम्ही शंभरात साडेसोळा. बाकी सगळीकडं आमचा अनुशेष राहतो, जेलात तेवढा कोटा भरून वर सांडतो!

कोणी म्हणेल, महिना-दोन महिने आत राहिलं तर काय मरतं का माणूस?

मरतं. परभणीला या.

10 डिसेंबर 2024 ला परभणीच्या रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. 11 ला बंद झाला, त्यात दगडफेक-जाळपोळ झाली, मग पोलीस वस्त्यांत शिरले आणि धरपकड सुरू झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी धरला. वय 35, वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. न्यायालयीन कोठडी म्हणजे न्यायालयाच्या हवाली असलेला माणूस. शवविच्छेदनाच्या पहिल्या अहवालात अनेक जखमांमुळं बसलेला धक्का असं कारण आलं. सरकारनं विधानसभेत सांगितलं, त्याला श्वासाचा आजार होता. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीनं पोलिसांवर बोट ठेवलं. तरी गुन्हा दाखल होईना. त्याची आई हायकोर्टात गेली. 4 जुलै 2025 ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवा म्हणून हुकूम दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात धावलं, 30 जुलैला तिथं हरलं. पोरगं धरायला एक दिवस पुरला. ते मेल्याचा गुन्हा नोंदवायचा हुकूम पक्का व्हायला साडेसात महिने लागले.

सोमनाथवर काय सिद्ध झालं होतं? काहीच नाही. त्याचा खटला उभा राहायच्या आधी त्याची तिरडी उभी राहिली. संविधानाच्या 22 व्या कलमात बाबासाहेबांनी चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं बंधन घातलं ते काय शोभेला? दंडाधिकाऱ्यापुढं उभं करतात ते माणूस बघायला, कागद बघायला नाही. अटक आणि खटला यांच्यामधली जी जागा आहे तीच आमच्या मरणाची जागा आहे. म्हणून जामीन ही आम्हांला वकिलांची भानगड वाटायला नको. तो आमच्या जगण्याचा प्रश्न आहे.

आता नवे शहाणे आलेत. ते म्हणतात, जेलं भरलीत, आरोपीला देखरेखीखाली बाहेर ठेवा. पायात पट्टा बांधा. जम्मू-काश्मीरच्या पोलिसांनी नोव्हेंबर 2023 मध्ये जामिनावरच्या आरोपीच्या पायात जीपीएसचा पट्टा घालायला सुरुवात केली. आमच्यातलेही काही मित्र म्हणतात, जेलापेक्षा पट्टा बरा. सोमनाथच्या पायात पट्टा असता तर तो आज जिवंत असता.

मित्रांनो, हे मी उडवून लावत नाही. कोठडी आणि पट्टा यांत निवडायचं असेल तर मीही पट्टा निवडीन. माझ्या पुतण्याला हजेरी लागली तेव्हा तेवीस दिवस आत राहून आलेलं ते पोरगं म्हणालं होतं, काका, हजेरीच हाये ना, देतो. पण तिसरी वाट असताना दोनच वाटा दाखवायच्या, ही जुनी चाल आहे. मेलेलं ढोर ओढ नाही तर उपाशी मर, ह्यातही निवड होतीच की!

हजेरी आमच्या अंगावर नवी नाही. 1871 ला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार. पोर पाळण्यात असतानाच आरोपी. रोज हजेरी, गाव सोडायला पास, सोलापूरला तारेच्या आतली सेटलमेंट. 31 ऑगस्ट 1952 ला त्या कायद्यातनं ही माणसं सुटली, तर 1959 ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. महार-मांग-रामोशी-बेरडांची चावडीवरची हजेरी कोल्हापुरात 1918 ला शाहू महाराजांनी बंद केली. कारण त्या राजाला एक गोष्ट कळली होती. ज्याला रोज सांगावं लागतं की मी चोरी केली नाही, त्याला माणूस म्हणत नाहीत. आणि 3 ऑक्टोबर 2024 ला, म्हणजे परभणीच्या दोन महिने आधी, सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की जेलांच्या नियमांतली जातीवरची कामवाटणी आणि विमुक्तांना सराईत समजणं संविधानाविरुद्ध आहे. 2024 ला! इतकी वर्षं ते नियम चालू होते.

म्हणून मी विचारतो. पट्ट्याचा दुसरा टोक कुणाच्या हातात? ठाण्याच्या हातात असेल तर ती चावडीच. 8 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की जामिनावरच्या माणसानं गुगलच्या नकाशावर आपला ठिकाणा पोलिसांना सतत दाखवत राहायचं, ही अट चालणार नाही. आणि पट्टा आला की तो जेलातल्याच्या पायात जाईल असं समजू नका. जो मुचलक्यावर सुटला असता त्याच्याच पायात आधी जाईल.

देखरेख पाहिजेच असेल तर ती कशी असते तेही बघा. न्यूयॉर्कनं 2016 पासून शहरभर आरोपींना देखरेखीवर सोडायला सुरुवात केली. तिथं भेटी घ्यायला समाजकार्यकर्ते असतात. फोनवर तारखेची आठवण देतात, कामधंद्याची विचारपूस करतात. आपल्याकडं 1958 चा परिवीक्षा कायदा आहे, परिवीक्षा अधिकारी आहेत. गुन्हा शाबीत झालेल्याला चांगल्या वागणुकीवर सोडलं तर त्याच्यावर देखरेख करतो तो परिवीक्षा अधिकारी. आणि ज्याच्यावर काहीच शाबीत नाही त्याच्या नशिबी ठाण्याचं अंगण झाडणं. हा कुठला न्याय?

आता मला अडवाल. म्हणाल, अॅट्रॉसिटीत तुम्हीच ओरडता आरोपीला जामीन देऊ नका म्हणून. कायद्याच्या 18 व्या कलमानं अटकपूर्व जामीन बंद करून घेतलात. तुमचा तो सोमनाथ आणि दुसऱ्याचा तो गुन्हेगार?

प्रश्न रास्त आहे. टाळणार नाही. आमच्या वस्तीवर हल्ला करणाराही शाबीत होईपर्यंत आरोपीच. पण जामिनाची मोजपट्टी कोणती, ते आधी ठरवा. दोनच प्रश्न : हा माणूस पळेल का, आणि साक्षीदारांना दमदाटी करील का? गावच्या पाटलाचं पोरगं सुटतं तेव्हा जामीनदारांची रांग लागते, सातबाऱ्यांची थप्पी पडते. दुसऱ्या दिवशी ते आमच्या आळीवरनं मोटारसायकल फिरवतं. आमचा साक्षीदार त्याच्याच शेतात रोजानं जातो, त्याच्याच विहिरीचं पाणी पितो. देखरेख तिथं पाहिजे! गावाबाहेर राहायची अट तिथं पाहिजे! 2015 च्या दुरुस्तीनं 15 क कलमानं पीडिताला जामिनाच्या वेळी ऐकून घ्यायचा हक्क दिला तो याचसाठी. पण पैसा ही मोजपट्टी ठेवली की सगळं उलटं होतं. जो धोका करू शकतो तो पैशावर सुटतो आणि जो कुठंच जाऊ शकत नाही त्याच्यावर पहारा बसतो. आम्ही दुसऱ्याला जेल आणि आम्हांला सवलत मागत नाही. धोका मोजा म्हणतो, सातबारा मोजू नका.

तेव्हा आता करायचं काय ते सांगतो, नुसती बोंब मारत नाही. पोरगं उचललं की वकिलाला पहिल्या अर्जातच जातमुचलका मागायला लावा. वकील हसला तर हसू द्या. मोतीरामचं नाव सांगा. पोराचं घर, काम, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव कागदावर न्या. तीच आमची मुळं. जामीन होऊन पोरगं आत राहिलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, महिना उलटायची वाट बघू नका. हजेरी घातली तर ऊसतोडीचं कारण लिहून अट बदलून मागा, आणि दोषारोपपत्र आल्यावर हजेरी रद्द मागा. दंडाधिकाऱ्यापुढं उभं केलं की मारलं असंल तर तिथंच तोंडानं सांगा, कपडे काढून दाखवा, लाज धरू नका. आणि गावोगावच्या आपल्या नोकरदारांनो, ज्यांना पगाराचा दाखला मिळतो त्या मास्तरांनो, क्लार्कांनो, जयंतीची वर्गणी देता ती द्या, पण आपल्या पोराला जामीन राहायला घाबरू नका. तुम्ही मागं सरलात म्हणून मी मालकाच्या ओट्यावर गेलो होतो. हे लिहून ठेवा.

माझा पुतण्या आज सुटलेला आहे. निकालाचा कागद त्याच्या आईनं पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. त्यात निर्दोष लिहिलं आहे. मालकाकडची तीन सालं, दीड वर्षाचे सोमवार, डोरलं, यातलं काही त्यात लिहिलेलं नाही.

कोर्ट समन्स काढतं तेव्हा लिहितं, जातीनं हजर राहावे. आम्ही युगायुगं जातीनंच हजर आहोत, महाराज. आता आम्हांला आमच्या शब्दावर सोडा.

जय भीम.